काल्याचा पाय

भाडोत्र्याने घरमालकाच्या कुत्र्याशी कसं वागावं, हे शहाणपण कुणी शिकवत नाही. लाड केले तर मालकीण म्हणते, कुत्र्याला फितवतात. हाड म्हटलं तर म्हणते, मुक्या जिवावर डूख धरतात. गिरजाबाईने आपल्यापुरता मधला रस्ता काढला होता. कुत्र्याकडे बघायचंच नाही. जासईच्या त्या चाळीत येऊन तिला दिवाळीपासून सात महिने झाले होते, आणि सातही महिने तो काळाकुट्ट काल्या तिच्या दारावरून येजा करत असताना ती पदर सावरून दुसरीकडे तोंड करत होती. म्हणजे बघत होती, पण बघितलेलं बोलत नव्हती.

गेले पंधरा दिवस ती बघत होती, की काल्या बसला की एकच पाय चाटतो. मागचा, डावा, पंजाच्या वरची जागा. चाटता चाटता मध्येच दचकतो आणि पायाकडे असा बघतो, जसा काही तो पाय दुसऱ्याचा आहे. जवळून गेला की वास यायचा. पण मालकांकडे सुकट-बोंबलाचा वास बारा महिने. त्यातला कुठला कुत्र्याचा, हे कोण सांगणार? तिने नवऱ्याजवळ एकदा विषय काढला होता. सिताराम म्हणाला होता, "त्येंचं कुत्रं, त्येंचा पाय. आपलं डोकं कामून लावायलीस?" ते तिला पटलं होतं.

चाळ कमळाकरशेठची. शेठ म्हणायला. साठीचा माणूस, तरुणपणी भाताची खाचरं आणि मिठागर दोन्ही केलेला. जमिनी बंदराच्या कामात गेल्या, कंटेनर यार्ड उभी राहिली, आणि हाती राहिलेल्या तुकड्यावर त्याने बारा खोल्यांची ओळ बांधली. गुडघे मिठाच्या पाण्याने खाल्लेले, त्यामुळे दिवसभर ओट्यावरच्या खुर्चीत. बायको मालतीबाई, आणि मुलगा विपुल, ज्याचा छोटा टेम्पो होता. माणसं वाईट नव्हती. इथे येण्याआधी सितारामने तीन ठिकाणी खोली बघितली होती, आणि तिन्ही ठिकाणी आडनाव सांगितल्याबरोबर खोली 'कालच गेली' होती. कमळाकरशेठने आडनाव ऐकलं, पान तोंडात टाकलं आणि म्हणाला होता, "पानी एक दिसाआड येतंय. जमल का?" गिरजाबाईने त्या एका प्रश्नावरून त्याला मनातल्या मनात शंभर गुण दिले होते.

मे महिन्यातला पाण्याचा दिवस होता. साडेसहाला पाणी सुटायचं. सिताराम यार्डातली रात्रपाळी करून सहाला आला, डबा ठेवला, आणि चाळीमागच्या संडासाकडे गेला. गिरजाबाई दारात ड्रम विसळत होती. मागून आधी नवऱ्याचा आवाज आला, "हाड!" आणि त्यापाठोपाठ काल्या किंचाळला.

ते भुंकणं नव्हतं की केकाटणं नव्हतं. अशी किंकाळी, की बाराही खोल्यांची दारं उघडली. काल्या तीन पायांवर उड्या मारत पुढे आला. डावा पाय पोटाशी धरलेला. ओट्याखाली गेला नाही, मालकिणीकडे गेला नाही. थेट विपुलच्या टेम्पोखाली शिरला आणि भिंतीकडे तोंड करून थरथरत बसला. मागोमाग सिताराम आला. कुणाकडे बघितलं नाही, काही बोलला नाही. खोलीत जाऊन डोळ्यांवर दंड टाकून आडवा झाला.

गिरजाबाईची नजर आधी दाराच्या कोपऱ्याकडे गेली.

कारण परवाची गोष्ट. काल्याने सितारामचा यार्डातला बूट पळवला, लोखंडी टोपीचा, आणि मागचं चामडं कुरतडून टाकलं. सिताराम कपड्याच्या दोरीला टेकू दिलेला गज उपसून चाळभर त्याच्यामागे धावला होता. "टांगडं मोडतो याचं! बघाच तुमी!" बारा खोल्यांनी ऐकलं होतं. ओट्यावरून कमळाकरशेठनेही ऐकलं होतं.

गज दाराच्या कोपऱ्यात उभा होता. गिरजाबाईने आत एकवार बघितलं. सितारामचा दंड डोळ्यांवर तसाच होता. तिने गज उचलला, दारातल्या उजेडात धरला, टोकावरून बोट फिरवलं. गंज होता. केस नव्हता, ओल नव्हती. पण गंजावर काय दिसणार? तिने तो होता तसा ठेवला. नवऱ्याला विचारावं असं तोंडाशी आलं, पण तिने ते गिळलं. विचारलं आणि तो 'हो' म्हणाला, तर पुढे काय करायचं?

"माज्या काल्याला कोनी मारला? बोला ना! कोनी मारला?" मालतीबाई ओट्यावरून उतरत ओरडत होती.

"आई, तू थांब. मी काढतो त्याला," म्हणत विपुल टेम्पोखाली वाकला.

गिरजाबाई पाहत होती. विपुलने हात घातला तो नेमका दुखऱ्या पायाकडे. तिच्या तोंडून "पाय नका धरू!" निघेपर्यंत उशीर झाला. काल्याने मान फिरवली आणि विपुलच्या मनगटाला दात लावले. विपुल शिवी देत मागे पडला. दोन लाल ओरखडे, त्यातल्या एकातून रक्ताचा थेंब.

"काय नाय, खरचटलंय," तो म्हणाला आणि पॅंटला हात पुसायला लागला.

"पुसू नका दादा. हिकडं या."

गिरजाबाईने उरल्या पाण्याची बादली आणि साबणाची वडी उचलली. परवाचं पाणी, आजच्या आंघोळींसाठी राखलेलं. तांब्याने ती धार धरत राहिली आणि विपुल मुकाट्याने साबण लावत राहिला. हाताला झोंबलं की तो "बस ना" म्हणे, ती म्हणे "अजून." पाव तासात बादली खडखडीत झाली. "आता दवाखान्यात जाऊन सुई घ्या. आजच. घरचं कुत्रं असलं तरी."

"तुना बरा ठावं हाय सगला," मालतीबाई म्हणाली.

आवाजात आभार नव्हते. गिरजाबाई उल्व्याला एका टॉवरमध्ये घरकामाला होती. तिथल्या मॅडमचं मोठं कुत्रं होतं, त्याचं हगणंमुतणं, औषधपाणी, डॉक्टरकडे नेणं, सगळं हिच्याकडे. त्याआधी गावाकडे, परभणीजवळ, बापाची शेळ्यामेंढरं तिने वळली होती. दुखावलेल्या जनावराच्या दुखऱ्या जागेला पहिल्यांदा हात घालायचा नसतो, हे तिला दहाव्या वर्षीच एका बोकडाने शिकवलं होतं. पण हे आत्ता कुणाला सांगणार? ज्याच्यावर संशय असतो त्याचं शहाणपणही पुराव्यात जमा होतं.

पाणी सुटलं. अकरा खोल्यांचे पाईप फुरफुरले. गिरजाबाईचा पाईप ड्रमात तोंड घालून कोरडा पडून राहिला. प्रत्येक खोलीचा कॉक मालकाच्या गच्चीवर. तिने वर बघितलं. कमळाकरशेठ, ज्याला जिना चढताना दोनदा बसावं लागतं, तो गच्चीच्या कठड्याशी उभा होता.

"शेठ, आमच्या लाइनीला..."

"आज नाय," तो वरून म्हणाला. "त्या दिशी टांग मोडीन कोन बोललेला? सगल्या चालीन ऐकलाय."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे पाणीच माशाच्या गच्चीवर. गिरजाबाई ड्रम भिंतीला टेकवून आत आली. सिताराम कुशीवर वळला होता. झोपलाय की जागा आहे कळत नव्हतं. मुलगी मैत्री सुट्टीत मामाकडे गेली होती ते बरं झालं, असं तिला वाटलं.

दहा वाजता उन्हाने टेम्पोचा पत्रा तापला. काल्या धापा टाकत होता, तरी बाहेर येत नव्हता. मालतीबाईने चुना-हळद कालवून वाटी पुढे सरकवली, तर तो गुरगुरला. शेजारणी येऊन बघून गेल्या. कुणी म्हणालं गज मारला असेल, कुणी म्हणालं दगड, कुणी म्हणालं उकळतं पाणी. जी ती बोलून झालं की गिरजाबाईच्या दाराकडे बघे. तिने कामावर खाडा केला. आज घर सोडून गेलं तर तेही 'पळून गेली' म्हणून धरतील.

थोड्या वेळाने कमळाकरशेठ स्वतः दारात आला. कोपऱ्यातला गज उचलला, डोळ्यांजवळ नेला, टोकाचा वास घेतला. मग विपुलला म्हणाला, "याचा फोटू कार." विपुलने मोबाईलवर फोटो काढला, दाराचा, गजाचा, आणि मागे झोपलेल्या सितारामचाही. गज शेठने बरोबर नेला आणि आपल्या खुर्चीशेजारी उभा केला. गिरजाबाई दारात उभी होती, हाताची घडी घालून. चोरी न करता चोरासारखं उभं राहायला लागलं की हातांचं काय करावं ते कळत नाही.

बाराच्या सुमाराला मालतीबाई एक ताटली घेऊन टेम्पोकडे निघाली. ताटलीत भाजलेला बोंबील, काल्याच्या आवडीचा. गिरजाबाईच्या दारावरून जाताना ती विपुलला म्हणाली, "माज्या गुडघ्याची गोली अर्धी भरलंय याच्यान. दुखना तरी थांबल बिचाऱ्याचा."

गिरजाबाईने ऐकलं.

उल्व्याच्या मॅडमच्या बहिणीनेही एकदा हेच केलं होतं. कुत्र्याचा कान दुखत होता म्हणून डोकेदुखीची माणसांची गोळी. रात्रीपर्यंत ते काळं ओकत होतं, पुढे चार दिवस सलाईनवर. डॉक्टर बाईने सगळ्यांना उभं करून झापलं होतं. ज्याने माणसाचं दुखणं थांबतं, त्याने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जातं.

तिच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला, तो लपवण्यात अर्थ नाही. देऊ दे. मेलं तर त्यांच्या हाताने मरेल. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. मेलं, तर गोळीने मेलं असं कोण म्हणणार आहे? सितारामने गजाने मारलं म्हणतील. आणि तिसरा, तो सगळ्यात शेवटी आला याची तिला नंतर लाज वाटली : टेम्पोखालून ते कुत्र्याचं पोर एकटक बघत होतं.

"काकू, थांबा. ती गोळी नका देऊ."

मालतीबाई थांबली नाही. ताटली टेम्पोखाली सरकायला लागली, काल्याचं नाक पुढे आलं. गिरजाबाई दोन ढांगांत गेली, वाकली आणि ताटलीतला बोंबील हाताने उचलून घेतला.

मालकिणीच्या ताटलीत भाडोत्रीण हात घालते, आणि तीही ही, याचा अर्थ ज्याने त्याने आपल्यापरीने लावला. मालतीबाईने आधी रिकाम्या ताटलीकडे बघितलं, मग गिरजाबाईच्या मुठीकडे.

"माज्या ताटातला काढलंस?" ती हळू म्हणाली. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

"माणसाच्या गोळीनं कुत्रं मरतं काकू. मी बघितलंय डोळ्यानं."

"तुना कशाला येवरी कालजी? मारनारं तुमीच आन् वाचवनारं पन तुमीच?"

ओट्यावरून शेठ म्हणाला, "गिरजाबाय, एक तारखेला खोली खाली करा. मना झगरा नको."

तो शांतपणेच म्हणाला. बोंबील गिरजाबाईच्या मुठीत चुरगळला होता. एक तारखेला नऊ दिवस होते. परत आडनावं विचारणारी दारं. तिला रडू येत होतं आणि त्याच्याबरोबर रागही आला, आणि त्या दोघांत रागाने जोर केला.

"करतो आमी खाली," ती म्हणाली. "पर त्याआधी याला दवाखान्यात न्या. उल्व्याला आमच्या मॅडमची डॉक्टर हाय, चारपासून असते. कोनी मारलं, कशानं मारलं, ती सांगंल की. मारलं आसंल तर मी सोता गज घेऊन पोलिसात जाते."

सिताराम आत होता. ती कुणाच्या जोरावर पैज लावत होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"न्हेनार कसा?" शेठ म्हणाला. "आंगाला हात लावू देत नाय."

"मी उचलते."

चारला तिने तयारी केली. जुन्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी फाडली. मैत्रीच्या अंथरुणातली गोधडी घेतली. विपुलला म्हणाली, टेम्पोतली प्लायवूडची फळी काढा. विपुल मनगटाला रुमाल बांधून उभा होता. सुई घेतली नव्हती त्याने. कमळाकरशेठ खुर्चीतून उठला आणि काठी टेकत आला. काठी टेकायची होती की उगारायची, हे त्याच्या पकडीवरून सांगता येत नव्हतं.

"शेठ, काठी तेवढी ओट्यावर ठेवा. त्याला दिसायली."

म्हातारा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने काठी मालतीबाईच्या हातात दिली आणि टेम्पोच्या दाराला धरून उभा राहिला.

गिरजाबाई जमिनीवर आडवी झाली. डोळ्याला डोळा दिला नाही. बाजूला बघत, हळू बोलत, इंच इंच सरकत गेली. बोलणं काय, तर शेळ्यांशी बोलायची तेच, "ये गं माय, ये, न्हाई करत काई." काल्या गुरगुरला. ती थांबली. पुन्हा बोलत राहिली. घामाने पाठ भिजली, कोपराला खडी टोचली. दहा-बारा मिनिटांनी गुरगुर थांबली, तेव्हा तिने लुगड्याच्या पट्टीचा फास मागच्या बाजूने नाकावर टाकला, हलकेच आवळला, टोकं जबड्याखालून घेऊन कानांमागे बांधली. नाकपुड्या मोकळ्या. मग गोधडी अंगावर, आणि गोधडीसकट ती त्याला सरळ फळीवर सरकवायला लागली. दुखऱ्या पायाला तिने बोट लावलं नाही, ना तो सरळ केला. जसा धरलाय तसा राहू दिला.

"आता दोघंजन फळी धरा. वाकडी करू नका."

फळी टेम्पोत गेल्याबरोबर तिने फास सैल केला. मे महिन्याची धाप. कुत्र्याच्या अंगातली आग तोंडावाटे जाते, तोंड बांधून ठेवलं तर वाटेतच जायचं. तिने एक हात त्याच्या मानेमागे ठेवला आणि बसली. समोर मालतीबाई बसली, काठी तशीच हातात घेऊन.

रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती. एकेका ट्रेलरवर एकेक घराएवढा डबा. त्यातला कुठलातरी रात्री सितारामनेच साखळ्यांनी आवळला असेल. विपुल हॉर्न देत कडेकडेने काढत होता. खड्डा आला की काल्या कण्हे आणि दोघी बायका एकदमच "हळू!" म्हणत. एकदा तर दोघींचे हात त्याच्या डोक्यावर एकमेकींना लागले. मालतीबाईने आपला काढून घेतला. मग तिने नाक उडवलं.

"वास कसला येतंय?"

"पायाचा," गिरजाबाई म्हणाली.

"आजच्या माराचा वास आजच येल काय?"

गिरजाबाईने वाकून पंजाजवळचा वास घेतला. तिच्याही मनात तेच आलं होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती पत्र्याला पाठ टेकून बसली.

डॉक्टर बाई तरुण होती, केस वर बांधलेले. तिने आधी पट्टी बघितली आणि म्हणाली, "गिरजामावशी, तुम्ही बांधली? छान." मग मालतीबाईला विचारलं, "काय झालं?"

"मारलाय कोनीतरी. सकाली."

"सकाळपासून काही खायला दिलंय? गोळी वगैरे?"

मालतीबाईने गिरजाबाईकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "नाय."

सुई दिली, काल्या पेंगला. डॉक्टर बाईने पाय वरून खाली चाचपला. मांडी, गुडघा. "हाड शाबूत वाटतंय. एक्स-रे काढूच, पण मार नाही दिसत." मग तिची बोटं पंजाच्या वर आली आणि थांबली. तिने केस कापायचं यंत्र लावलं. काळे केस गळून पडले आणि पायाभोवती एक गोल खाच दिसली, पूर्ण वळसा घातलेली, आत लाल-पिवळी, दोन्ही कडांनी मांस सुजून वर आलेलं. वेलीवरच्या कोवळ्या दुधीला कुणी दोरी बांधून विसरावं आणि दुधी दोरीला पोटात घेऊन वाढावा, तसं.

"हे आजचं नाही. महिन्याच्या वर चाललंय. आतपर्यंत गेलंय म्हणून आज पाय टेकवेना." तिने चिमटा आत घातला, कात्री लावली, आणि हळूहळू काहीतरी ओढून काढलं. स्टीलच्या ताटलीत ठेवलं, वर पाणी ओतलं.

दोरा होता. काळा. त्याला बारीक बारीक सात गाठी होत्या.

"हा कुणी बांधला पिल्लाला? पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही."

विपुल वाकून बघत होता. मग त्याने मान वर केली आणि गिरजाबाईकडे बघितलं. सवयच ती, दिवसभराची. "मावशी, तुमच्यात बांधतात असं?"

"आमच्यात दोरे बांधत न्हाईत दादा," गिरजाबाई म्हणाली. "बाबासाहेबांनी सोडायला लावलेत."

मालतीबाईचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. तिने पदर पुढे ओढला. पण गिरजाबाईने आधीच बघितलं होतं, सात महिने बघत होती. कार्ल्याच्या देवीआईचा तोच काळा दोरा मालतीबाईच्या मनगटावर, शेठच्या मनगटावर, टेम्पोच्या आरशालाही. आणि तिला दिवाळीनंतरची ती संध्याकाळ आठवली. तिचं आणि सितारामचं सामान खोलीत लागत होतं. ओट्यावर मालतीबाई मांडीत मुठीएवढं काळं पिल्लू घेऊन बसली होती आणि त्याच्या मागच्या पायाला काही बांधत होती. गिरजाबाई हसून "काय करताव काकू?" म्हणाली होती, आणि मालतीबाईही हसूनच म्हणाली होती, "नवीन मानसा आलीन ना चालीत. नजर नको लागाया." तेव्हा ते गमतीत गेलं होतं. नवीन माणसं त्या दिवशी हीच होती.

आता बोलावं का? एका वाक्यात दिवसाचं सगळं उसनं फिटलं असतं. पण मालतीबाई ताटलीतल्या दोऱ्याकडे अशी बघत होती, की गिरजाबाईला बोलवेना. डॉक्टर बाईने जखम धुतली, टाके घातले, पायाला पट्टी केली. पाय वाचेल म्हणाली, आठवडा उशीर झाला असता तर कापावा लागला असता. विपुलचा रुमाल सोडायला लावून त्याला सरकारी दवाखान्यात पिटाळलं; उरणच्या वाटेवर त्याने सुई घेतली. दोरा तिने कागदात गुंडाळून मालतीबाईच्या हातात दिला.

परतताना मालतीबाईने तो कागद कमरेला खोचला. आठवडा उशीर, हे गिरजाबाईच्या डोक्यात फिरत राहिलं. पंधरा दिवस ती बघत होती. एक शब्द बोलली असती तर. तिने काल्याच्या कानामागे खाजवलं, आज पहिल्यांदाच.

टेम्पो चाळीत शिरला तेव्हा दिवेलागण झाली होती. बाया दारात, पुरुष कामावरून आलेले. कमळाकरशेठ खुर्चीत, शेजारी गज.

"काय बोलली डाक्टरीन? मारलेलाच हाय ना?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

विपुलने आईकडे बघितलं. गिरजाबाई टेम्पोतून उतरून फळीला हात लावून उभी राहिली. तिने ठरवलं होतं, आपण बोलायचं नाही. ही बोलली तर बोलली. नाही तर नऊ दिवस आहेतच.

मालतीबाई ओट्याच्या पायरीशी गेली. कमरेला खोचलेला कागद काढला, उलगडला, शेठच्या मांडीवर ठेवला.

"कोनी नाय मारला," ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं, की हे हळू झालं, कारण ती चाळीकडे वळून पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "कोनी नाय मारला माज्या काल्याला. माज्या हातान झाला. नजरेचा दोरा मीच बांधलेला, पायात रुतला. मीच इसरली."

शेठने दोरा बोटात धरला. आपल्या मनगटाकडे बघितलं. मालक माणसं माफी मागत नाहीत, कॉक सोडतात. "विपुल," तो म्हणाला, "टाकीत पानी हाय. त्यांचा कॉक सोर. आन् यो गज देऊन ये त्यांचा."

"खोलीचं काय शेठ?" गिरजाबाईने विचारलं.

"कंची खोली?" म्हातारा म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

मालतीबाई तिच्याजवळ आली. काही बोलायला तोंड उघडलं, आणि बोलली ते एवढंच, "उद्याची पट्टी कशी सोराची, दाव मना."

"दाखवते," गिरजाबाई म्हणाली.

ती खोलीत आली तेव्हा विपुलने गज आणून कोपऱ्यात ठेवला होता. पाईपाला धार लागली, ड्रमात पाणी पडायला लागलं. आत दोन बोचकी बांधून ठेवलेली होती, भांड्यांचं एक, कपड्यांचं एक. सिताराम रात्रपाळीला निघायच्या बेतात खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. कुरतडलेल्या जागी त्याने सुतळीने शिवलं होतं.

"ऐकलाव का?" ती म्हणाली. "दोरा होता पायात."

"ऐकलं. मालकीन वरडून बोलली की."

"सकाळी काय झालं होतं मग?"

"वाटंत निजलं होतं. हाड म्हनलं. उठायला गेलं अन् वरडलं. मीच भ्यालो. म्हनलं आता आपल्यावर येतंय."

गिरजाबाई त्याच्यासमोर बसली. मालकिणीने सबंध चाळीसमोर आपलं पदरात घेतलं होतं, आणि हिला चार भिंतींच्या आत जड जात होतं. तिने बोचक्याची गाठ धरली, सोडली नाही.

"मला वाटलं..." ती म्हणाली. "सकाळपासून मला वाटायलं, की तुमीच..."

"ठावं हाय."

"कसं?"

"झोपलो नव्हतो मी. शेटनं गज बघितला धा वाजता. तू सव्वासहालाच बघितलीस. बोट फिरवून."

धार पडत होती. ड्रम निम्मा भरला असेल.

"मग बोलला कामून न्हाईत? दिवसभर पडून राहिलाव. एक शब्द सांगायचा ना, म्या न्हाई मारलं म्हनून."

सितारामने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली, गाठ मारली, वर बघितलं.

"तू इचारलंच न्हाईस," तो म्हणाला, आणि डबा घेऊन कामावर गेला.